इंग्रजीतील जुळे शब्दप्रयोग आणि आपला समाज

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)





अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींना इंग्रजीसंबंधी चार गोष्टी सांगाव्यात, अशी कार्यकारिणीची सूचना आली तेव्हा आम्हाला थोडा संकोच वाटला. आम्ही काही इंग्रजीचे प्राध्यापक नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेच्या काउंटरवर बसलो. परंतु दिवसभर जे कागद हाताखालून जातात ते बहुतांशी इंग्रजीत असतात, आणि त्यातल्या एखाद्या लहानशा शब्दाने माणसाचे काय होते, ते काउंटरच्या आतल्या बाजूने रोज दिसते. तेवढ्याच अधिकाराने आज बोलणार आहोत.

इंग्रजीत काही शब्दप्रयोग जुळ्या भावांसारखे असतात. चेहरा सारखा, स्वभाव वेगळा. व्याकरणाच्या जुन्या पुस्तकांतून एक उदाहरण हमखास असे. 'इन चार्ज ऑफ' आणि 'इन द चार्ज ऑफ'. बाई मुलाच्या 'इन चार्ज ऑफ' असते, म्हणजे ती मुलाला सांभाळते. मूल बाईच्या 'इन द चार्ज ऑफ' असते, म्हणजे ते सांभाळले जाते. एक 'द' मधे आला आणि सांभाळणारा कोण, सांभाळला जाणारा कोण, हे उलटेपालटे झाले. परीक्षेत याला एक गुण असतो. परीक्षेबाहेर त्याची किंमत किती, ते पुढे पाहू.

यात घाबरण्यासारखे काही नाही. आपल्या मराठीत हे कमी आहे काय? एखाद्याला 'हात देणे' आणि 'हात दाखवणे' यांत हातच आहे, पण एकात माणूस उभा राहतो आणि दुसऱ्यात आडवा होतो. हात उचलणे, हात टेकणे, हात मारणे, हात धुऊन मागे लागणे, ही सगळी एकाच हाताची लेकरे. आणि आपल्या नागपूरकडचे 'येऊन राहिला' घ्या. पुण्या-मुंबईचे लोक त्याला हसतात. पण 'तो येतो' म्हटले की त्याच्या येण्याचा काय भरवसा? 'येऊन राहिला' म्हटले की तो घरून निघाला आहे, रस्त्यात आहे, चहाचे आधण ठेवायला हरकत नाही. आपल्या आजीला हा भेद कोणी शिकवला नव्हता. इंग्रजीतला भेद मात्र आपल्याला शिकावा लागतो, कारण आपल्या घरात ती भाषा नव्हती. त्यात कमीपणा नाही, काम आहे.

हे काम आपल्यासाठी इतरांपेक्षा अधिक निकडीचे का? परमपूज्य बाबासाहेबांनी 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' ही पत्रे मराठीत चालवली, पण त्यांचे बहुतेक मोठे ग्रंथ इंग्रजीत आहेत. संविधानाचा मसुदाही इंग्रजीत तयार झाला. म्हणजे आपल्या विचारांचा ठेवा आणि आपल्या हक्कांचा दस्तऐवज, दोन्हींची मूळ भाषा इंग्रजी. आपण ते बहुधा अनुवादातून वाचतो, आणि अनुवादात जुळ्या भावांपैकी एकच घरी येतो.

सर्वांत ठळक उदाहरण बाबासाहेबांच्या एका ग्रंथाच्या नावातच आहे. १९४५ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स'. आता या नावाचे मराठी आपण कसे सांगतो? 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?' भाषणांतून, फलकांवरून, प्रश्नमंजूषेतून असेच ऐकू येते. परंतु बाबासाहेबांनी 'डन फॉर' लिहिले नाही, 'डन टू' लिहिले. 'टू' आणि 'फॉर' हे दोन चिमुकले शब्द. पण 'डन फॉर' म्हणजे कोणाच्या भल्यासाठी केलेले काम. 'डन टू' म्हणजे कोणावर केलेली कृती, आणि इंग्रजी माणसाच्या कानाला त्यात बहुधा वाईटाचाच वास येतो.

गंमत अशी की हा भेद दाखवायला मराठीत उत्तम सोय आहे. लग्न होऊन गेलेल्या लेकीची काहीच खबर नसलेली आई सासरच्या दारात उभी राहते आणि विचारते, 'माझ्या पोरीचं काय केलं तुम्ही?' तीच आई 'माझ्या पोरीसाठी काय केलं तुम्ही?' असे विचारू लागली, तर तो दागिन्यांचा आणि साड्यांचा हिशेब होईल. 'चे' आणि 'साठी' यांत जे अंतर आहे तेच 'टू' आणि 'फॉर' मध्ये आहे. बाबासाहेबांचा प्रश्न त्या पहिल्या आईचा आहे. १९३२ साली निघालेला हरिजन सेवक संघ 'साठी' च्या भाषेत बोलत होता. अस्पृश्यांसाठी शाळा, अस्पृश्यांसाठी विहिरी, अस्पृश्यांसाठी वसतिगृहे. पुणे कराराने आमच्या राजकीय हक्काचे काय केले, हा बाबासाहेबांचा सवाल होता. ग्रंथाचे नाव 'साठी' ने सांगितले की आरोपपत्राचे अहवालपत्र होते. सबंध पुस्तक वाचण्याआधीच वाचक चुकीच्या दारातून आत शिरतो. आमची नम्र सूचना आहे की आपल्या कार्यक्रमांत तरी यापुढे हे नाव 'अस्पृश्यांचे काय केले' असेच सांगितले जावे.

जाता जाता सांगतो, 'फॉर' नेहमीच भला असतो असेही नाही. इंग्रजीत 'ही इज डन फॉर' म्हटले तर अर्थ होतो, 'तो संपला, त्याचे काही खरे नाही.' इंग्रजी ही अशी भाषा आहे!

दुसरे नाव १९३६ च्या ग्रंथाचे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, मंडळाने अधिवेशनच रद्द केल्यामुळे न झालेले आणि बाबासाहेबांनी स्वतः छापून काढलेले ते भाषण. त्यात शब्द आहे 'ॲनायहिलेशन'. मंडळाच्या नावात 'तोडणे' होते. इंग्रजीत 'ॲबॉलिशन' हा रुळलेला शब्द तयार होता, गुलामगिरीच्या संदर्भात जगभर वापरलेला. 'ॲबॉलिश' ही कायद्याने करायची गोष्ट आहे. सरकार एक हुकूम काढते आणि प्रथा रद्द होते. 'ॲनायहिलेट' हा हुकमाने होत नाही. या शब्दाच्या पोटात 'शून्य' आहे, काहीच शिल्लक न ठेवणे आहे. आता संविधानाचा अनुच्छेद १७ पाहा. तिथे अस्पृश्यता 'ॲबॉलिश' केली आहे आणि तिचे आचरण 'फॉरबिड' केले आहे. रद्द आणि निषिद्ध, दोन वेगळी क्रियापदे. पहिल्याने तिची मान्यता काढली, दुसऱ्याने ती पाळणाऱ्याला गुन्हेगार ठरवण्याची वाट केली, आणि त्या वाटेने १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. परंतु सबंध अनुच्छेदात अस्पृश्यता आहे, जात नाही. १९३६ चे 'ॲनायहिलेशन' १९५० च्या 'ॲबॉलिश' ने पुरे झाले, असे जे समजतात त्यांनी हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत.

आपल्या नागपूरचे उदाहरण घेऊ. १८ ते २० जुलै १९४२ या दिवसांत येथे अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. परिषदेच्या इंग्रजी नावात 'डिप्रेस्ड क्लासेस' होते. 'डिप्रेस्ड' आणि 'बॅकवर्ड' या दोन्ही शब्दांना आपण सरसकट 'मागासलेले' म्हणतो. पण 'बॅकवर्ड' म्हणजे जो मागे राहिला तो. का राहिला हे तो शब्द सांगत नाही. ऐकणाऱ्याला वाटते, हाच हळू चालला असेल. 'डिप्रेस्ड' म्हणजे जो दाबला गेला तो. दाबणारा कोणीतरी आहे, हे त्या शब्दाच्या रूपातच आहे. 'शेड्यूल्ड' तर या दोघांहून कोरडा. शेड्यूल म्हणजे परिशिष्ट, यादी. यादीत नाव आहे एवढेच. त्यात कीवही नाही आणि दोषही नाही.

या परिषदेतच बाबासाहेबांनी तीन शब्दांचा संदेश दिला. एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ. आपण म्हणतो, 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.' पहिला शब्द जागेवर आहे, उरलेल्या दोघांची जागा बदलली आहे. इंग्रजीत मधला शब्द 'ॲजिटेट' आहे, आणि तो 'संघर्ष' या शब्दाचा जुळा भाऊ असला तरी तोच नव्हे. 'स्ट्रगल' म्हणजे झगडणे, समोर कोणीतरी आहे आणि आपण त्याच्याशी दोन हात करतो आहोत. 'ॲजिटेट' चा मूळ अर्थ ढवळणे, घुसळणे. आपल्या घरी रवीने ताक घुसळतात ते 'ॲजिटेट' करणेच आहे. कपडे धुण्याच्या यंत्रात जो फिरता दांडा असतो त्याला 'ॲजिटेटर' म्हणतात. 'ॲजिटेट फॉर' म्हटले की एखाद्या मागणीसाठी चळवळ करणे, आणि 'ॲजिटेटेड' म्हटले की मन खळबळलेले, अस्वस्थ झालेले.

म्हणजे इंग्रजी क्रमाने वाचले तर अर्थ असा निघतो, की आधी शिका, शिकल्यावर मन घुसळून काढा, स्वतःचे आणि दुसऱ्याचेही, आणि त्या घुसळण्यातून जे वर येईल त्यावर संघटना बांधा. मराठी क्रमात संघटना आधी आणि लढाई नंतर. आमच्या मते पहिला क्रम अधिक खोल आहे. न घुसळलेल्या दुधावर लोणी शोधत बसलेल्या संघटना आपण कमी पाहिल्या नाहीत. एका गटाचे दोन, दोनाचे चार, आणि कशासाठी फुटलो ते कोणालाच धड सांगता येत नाही. मराठी घोषणेने लाखो माणसे उभी केली आहेत, ती बदला असे आम्ही म्हणत नाही, आमची ती पात्रताही नाही. परंतु घोषणा देऊन झाल्यावर मूळ मधला शब्द एकदा मनात उच्चारून पाहायला काय हरकत आहे?

आता संविधानाकडे येऊ. अनुच्छेद २१ सर्वांना पाठ आहे, जीविताचे आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचे संरक्षण. यात दोन शब्दप्रयोगांची झुंज झाली. संविधान सभेने १९४७ साली मान्य केलेल्या मजकुरात अमेरिकेच्या धर्तीवर 'ड्यू प्रोसेस ऑफ लॉ' असे शब्द होते. घटना सल्लागार बी. एन. राव अमेरिकेला गेले, तिथले न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्याशी त्यांची चर्चा झाली, आणि पुढे मसुद्यात जपानच्या घटनेसारखे 'प्रोसिजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ' हे शब्द आले. मराठीत दोन्हींना 'कायदेशीर पद्धत' म्हणून आपण मोकळे होऊ. पण 'एस्टॅब्लिश्ड बाय लॉ' म्हणजे कायद्याने ठरवून दिलेली रीत. रीत लिहिलेली आहे काय आणि ती पाळली काय, एवढेच न्यायालयाने पाहायचे. 'ड्यू' मध्ये आणखी एक प्रश्न येतो. ती रीत मुळात योग्य आहे काय?

डिसेंबर १९४८ मध्ये बाबासाहेबांनी सभागृहापुढे दोन्ही बाजू मांडल्या आणि निर्णय सभागृहावर सोडला. शब्द बदललेलेच राहिले. पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी स्वतःच अटकेसंबंधीचे नवे कलम आणले, जे आज अनुच्छेद २२ आहे, आणि गेलेल्यातले काही भरून काढले. अटक झालेल्याला कारण सांगणे, वकील घेऊ देणे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे, हे त्यातले आहे. १९५० मध्ये ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'एस्टॅब्लिश्ड' चा अक्षरशः अर्थ घेतला. १९७८ साली मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने सांगितले, की ती पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे. 'ड्यू' हा शब्द समोरच्या दाराने गेला होता, तो अठ्ठावीस वर्षांनी मागच्या दाराने आत आला. मधल्या काळात जे तुरुंगात होते त्यांच्यासाठी हा व्याकरणाचा प्रश्न नव्हता.

आणि आता जे उदाहरण सांगतो ते तर आपल्या अंगणातले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर काय झाले हे नागपूरच्या माणसाला सांगायला नको. इंग्रजी वर्तमानपत्रे ते सांगताना 'वेअर कन्व्हर्टेड' असे लिहितात. म्हणजे लोक बदलले गेले, जणू कोणी त्यांना धरून नेऊन बदलले. 'एम्ब्रेस्ड' म्हटले की त्यांनी स्वतः पुढे होऊन मिठी मारली असे होते. मुलांनो, निबंध लिहाल तेव्हा दुसरा शब्द लिहा. पण याहून मोठी गोष्ट 'प्रोफेस' या शब्दाची आहे.

अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात आहे. त्या आदेशात एक अट होती. जो हिंदू धर्माहून वेगळा धर्म 'प्रोफेस' करतो तो अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीख धर्म घातला गेला, बौद्ध धर्म नाही. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या एका राखीव जागेवरून डी. पी. मेश्राम निवडून आले. पंजाबराव नावाच्या विरोधकाने निवडणुकीला आव्हान दिले, की यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, म्हणून हे राखीव जागेला उभेच राहू शकत नाहीत. निवडणूक न्यायाधिकरणाने आव्हान मान्य केले, उच्च न्यायालयाने ते फिरवले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 'पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम' हा निकाल १९६५ च्या ए.आय.आर. मध्ये छापलेला आहे आणि आजही वकील तो दाखवतात.

सगळा खटला एका क्रियापदावर येऊन थांबला. 'बिलीव्ह इन' म्हणजे मनात श्रद्धा असणे. 'प्रॅक्टिस' म्हणजे आचरण करणे. 'कन्व्हर्ट टू' म्हणजे एका धर्मातून दुसऱ्यात जाणे, आणि त्यात विधी झाला काय, कोणी केला, असे प्रश्न येतात. 'प्रोफेस' हा या सगळ्यांच्या शेजारी राहतो पण वेगळा आहे. त्याचा अर्थ जाहीरपणे सांगणे. आपल्या मराठी संविधानात अनुच्छेद २५ ला यासाठी 'प्रकट करणे' असा शब्द योजला आहे, तो फार चांगला आहे. सर्वोच्च न्यायालयाने इंग्रजी शब्दकोश उघडले आणि हाच अर्थ घेतला. माणसाने आपण आता हिंदू राहिलो नाही असे चारचौघांत उघड सांगितले असेल, तर विधी पुरता झाला की नाही याच्या खोलात जाण्याचे कारण नाही. तो दुसरा धर्म 'प्रोफेस' करतो. निवडणूक रद्द झाली.

म्हणजे पाहा. न्यायालयाने दीक्षा खरी मानली आणि म्हणूनच जागा गेली. धम्मभूमीच्या शहरात धम्म प्रकट करण्याची ही किंमत होती. महाराष्ट्र शासनाने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या, पण केंद्राच्या नोकरीचा अर्ज समोर आला की आमच्या वडिलांच्या पिढीपुढे हाच शब्द उभा राहायचा. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहावे तर आरक्षण नाही, 'हिंदू' लिहावे तर बाबासाहेबांना दिलेला शब्द मोडतो. कित्येक घरांत भिंतीवर तथागतांची तसबीर आणि पेटीत 'हिंदू' लिहिलेला दाखला, अशी दोन आयुष्ये चालली. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात दुरुस्ती झाली, आणि आदेशात हिंदू, शीख यांच्या पुढे 'बौद्ध' हा शब्द आला. 'प्रोफेस' तिथेच आहे, तसाच. आज जे विद्यार्थी निर्धास्तपणे 'बौद्ध' लिहितात त्यांनी त्या एका शब्दाची चौतीस वर्षे लक्षात ठेवावीत.

मघाशी सवलती म्हटले. या शब्दाबद्दलही थोडे. 'कन्सेशन' म्हणजे सवलत, देणाऱ्याच्या मर्जीची गोष्ट. बाबासाहेबांनी 'सेफगार्ड' हा शब्द वापरला, म्हणजे संरक्षण. बँकेतही हा भेद रोजचा आहे. बोनस मागता येतो, 'एक्स ग्रेशिया' मागता येत नाही, ती कृपा असते. शिष्यवृत्तीच्या पत्रात तुम्ही 'एलिजिबल' आहात असे लिहिले असेल तर तुम्ही पात्र आहात, रांगेत उभे राहू शकता. 'एन्टायटल्ड' लिहिले असेल तर तुम्ही हक्कदार आहात, आणि रांग संपेपर्यंत थांबून पैसे नेऊ शकता. दोन्ही पत्रे घरी सारख्याच आनंदाने वाचली जातात.

बँकेचा विषय निघालाच आहे तर ज्येष्ठ मंडळींसाठी तीन गोष्टी सांगतो. परीक्षेत येणार नाहीत, पण घरात येतील.

जोडखाते उघडताना अर्जावर विचारतात, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' की 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'. लोक म्हणतात, काहीही लिहा साहेब, नवरा-बायको दोघेही आहोत. 'आयदर' मध्ये दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकतो. 'फॉर्मर' मध्ये ज्याचे नाव पहिले तो हयात असेपर्यंत फक्त तोच काढू शकतो, दुसऱ्याला त्याच्या पश्चात. नवरा दवाखान्यात बेशुद्ध आहे, बाई पासबुक घेऊन आली आहे, नाव तिचेही आहे, पण दुसरे आहे, आणि खात्यावर 'फॉर्मर' लिहिले आहे. काउंटरवरच्या माणसाला तिला नाही म्हणावे लागते. तिला वाटते हा माणूस निर्दय आहे. निर्दय तो शब्द आहे, आणि तो खाते उघडताना एका मिनिटात बदलता आला असता.

दुसरी गोष्ट 'रिझाइन' आणि 'रिटायर व्हॉलंटरिली' यांची. आजारपणामुळे, घरच्या अडचणीमुळे नोकरी सोडायची तर माणूस सरळ लिहितो, 'आय रिझाइन'. त्याला वाटते, सोडणे ते सोडणे. परंतु बँकांच्या १९९५ च्या पेन्शन नियमावलीने राजीनामा देणाऱ्याची मागची सगळी सेवा पेन्शनपुरती शून्य धरली. वीस वर्षे भरलेल्या माणसाने 'स्वेच्छानिवृत्ती' लिहिले असते तर त्याला पेन्शन मिळाली असती. माणूस तोच, वर्षे तीच, कारण तेच. असे अर्ज देण्याआधी कोणाला तरी दाखवा. रागाच्या भरात तर मुळीच लिहू नका.

तिसरी जमिनीची. गावाकडची शेती प्रकल्पात जाते, मोबदल्याचा धनादेश येतो, आणि रक्कम कमी वाटते. आलेले पैसे घेऊन मग भांडू, असे लोक ठरवतात. घ्यावेत, पण पावतीवर 'अंडर प्रोटेस्ट' हे दोन शब्द लिहूनच घ्यावेत, म्हणजे हरकत राखून. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात हे होते आणि त्याच्या जागी आलेल्या २०१३ च्या कायद्यातही आहे, की हरकत न नोंदवता ज्याने रक्कम घेतली त्याला वाढीव मोबदल्यासाठी दाद मागता येत नाही. 'रिसीव्ह्ड' आणि 'रिसीव्ह्ड अंडर प्रोटेस्ट' यांत कागदावर दोन बोटांचे अंतर आहे. वकिलाची फी नंतर द्यायचीच आहे, हे दोन शब्द फुकट लिहिता येतात.

अशीच एक जोडी अनेकांना घाबरवते. नोटिशीत 'विदाउट प्रेज्युडिस' असे लिहिलेले असते. 'प्रेज्युडिस' म्हणजे पूर्वग्रह हे शाळेत शिकलेले असते, म्हणून लोकांना वाटते की समोरचा 'माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही' असे गोड बोलतो आहे. तसे नाही. तो म्हणतो, की या पत्राने माझ्या हक्काला बाध येणार नाही. गोड समजून उत्तर दिले की फसलो.

हे सर्व कसे शिकायचे, असे अभ्यासिकेतल्या एका मुलीने विचारले आहे. गाइडातल्या शंभर-दोनशे वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करून हे येत नाही. शब्द एकटा पाठ करू नये, त्याचा शेजारी बरोबर घ्यावा. वहीच्या एका पानावर डावीकडे एक शब्दप्रयोग, उजवीकडे त्याचा जुळा भाऊ, आणि खाली दोन्हींची दोन वाक्ये, आपल्या घरातली. इंग्रजी-मराठी कोश असू द्यावाच, पण इंग्रजी-इंग्रजी कोशही उघडण्याची सवय ठेवावी, कारण इंग्रजी-मराठी कोशात दोघांनाही पुष्कळदा एकच मराठी शब्द दिलेला असतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी 'प्रोफेस' साठी कोश उघडला, तर आपल्याला कसला संकोच? मोबाइलवरही आता कोश मिळतो. बाबासाहेबांच्या ग्रंथाचा अनुवाद वाचताना शेजारी मूळ खंड ठेवावा. रोज एकच पान, पण दोन्हींतले.

कार्यकारिणीशी आमचे बोलणे झाले आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी वंदनेनंतर आम्ही येथे विहाराच्या व्हरांड्यात तासभर बसू. ज्यांच्याकडे इंग्रजीतले पत्र, नोटीस, फॉर्म किंवा पासबुक असेल त्यांनी ते घेऊन यावे. येताना मूळ कागद आणा, झेरॉक्स नको, कारण झेरॉक्समध्ये नेमकी खालची बारीक ओळ कापली जाते. विद्यार्थ्यांनी आपापल्या जोड्यांच्या वह्या आणाव्यात. चष्मा लागत असेल त्यांनी चष्मा विसरू नये.



नमो बुद्धाय! जयभीम!